आजचा श्लोक : गीता १७.१५ – यंत्राशी बोलताना



काल शरीराच्या तपाचा श्लोक झाला, आज वाणीच्या तपाचा. सतरावा अध्याय, पंधरावा श्लोक. बोलणं कसं असावं, तर ऐकणाऱ्याला उद्वेग न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. आणि त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास. श्लोक पाठ आहे, वर्षानुवर्षं म्हणतोय. तो म्हणताना दर वेळी ऑफिसातली एखादी मीटिंग आठवायची, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवरचं पार्किंगचं भांडण. या खेपेला मात्र हा श्लोक मला आमच्या घरातल्या फरशी पुसणाऱ्या गोल यंत्राने शिकवला. चेष्टा नाही करत, खरंच.

आधी घरचं थोडं सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं बरंचसं परत आलं, बोलणं नाही आलं. याला अफेझिया म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेची जी केंद्रं असतात त्यांना धक्का बसला, की पुष्कळदा समोरच्याचं बोलणं कळतं पण स्वतःचा शब्द सापडत नाही, किंवा एकाच्या जागी भलताच शब्द तोंडातून बाहेर पडतो. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी १८६१ मध्ये असाच एक रुग्ण पाहिला होता. त्याला एकच अक्षर उच्चारता यायचं, सगळ्या गोष्टींसाठी तेच. आमच्या बाबांचं ते अक्षर म्हणजे 'चहा'. पाणी हवं असलं तरी चहा, दिवा लावायचा असला तरी चहा, टीव्हीवरची मॅच लावायची असली तरी चहा. क्वचित खरोखरचा चहा हवा असला तरीही चहाच. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, फळ्यावर एक पायरी गाळलेली खपायची नाही त्यांना. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही दिवसाला सात-आठ कप चहा करत होतो. समोर कप आला की बाबा डोळे मिटून घ्यायचे.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. घरात दुःख आलं की आमच्यासारखे लोक लॅपटॉप उघडतात. साफसफाईचा रोबो घरात होताच. म्हटलं, तो मराठीतून ऐकेल असं काहीतरी करू, म्हणजे बाबांना निदान एक वस्तू तरी स्वतःच्या हुकमावर चालवता येईल. मोफत मिळणारं एक मॉडेल घेतलं, जे आवाज ऐकून अक्षरं लिहितं. ते एका जुन्या लॅपटॉपवर बसवलं, माईक लावला, रोबोला जोडलं. दोन शनिवार-रविवार गेले. 'सुरू कर', 'थांब', 'घरी जा' एवढ्या तीन आज्ञा. माझ्या आवाजात उत्तम चालायचं. लेकीच्या आवाजात बरं चालायचं. बाबांच्या आवाजात अजिबात नाही.

कारण शोधत गेलो. असली यंत्रणा बोलण्यातल्या शांततेवरून ठरवते की वाक्य संपलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती शांतता होती ०.८ सेकंद. बाबांना एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात यंत्र दार लावून मोकळं. ती वेळ वाढवली तर दुसरंच झालं. बाबा शब्द शोधत गप्प असायचे, आणि त्या शांततेत यंत्र स्वतःच्या मनाने वाक्यं लिहायचं, बाबांनी न बोललेली. मला वाटलं माझीच काही चूक. पण २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका प्रसिद्ध मॉडेलचा अभ्यास छापला आहे. त्यांनी अफेझिया असलेल्या आणि नसलेल्या माणसांची ध्वनिमुद्रणं तपासली, आणि सुमारे एक टक्का तुकड्यांत मॉडेलने कुणीच न बोललेले शब्द घातलेले सापडले. अफेझिया असलेल्यांच्या बोलण्यात हे प्रमाण जास्त होतं, कारण त्यांच्या बोलण्यात थांबणं जास्त. जो माणूस बोलू शकत नाही त्याच्या तोंडी शब्द घालायचे. हे आम्ही माणसंही करतच होतो म्हणा.

इथे आपल्या परंपरेतली एक गोष्ट सांगायलाच हवी. घरात कुणी 'अमुक आण' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ते कसं कळतं, यावर आपल्याकडे फार बारीक विचार झालेला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह'मध्ये वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात असं सांगितलंय : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. आकांक्षा म्हणजे शब्दांना एकमेकांची गरज असणं. नुसतं 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' म्हटलं तर वाक्य होत नाही. योग्यता म्हणजे अर्थ जुळणं. 'विस्तवाने शिंपड' हे व्याकरणात बसतं, पण विस्तवाने कुणी शिंपत नाही. आणि सन्निधि म्हणजे शब्द लागोपाठ येणं, एक आत्ता आणि दुसरा प्रहराने असं नव्हे. माझ्या प्रोग्रॅममधले ते ०.८ सेकंद म्हणजे सन्निधीच की. बाबांचं वाक्य सन्निधीवर अडलं होतं.

याच्याही पुढची एक अट आहे, तात्पर्य. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते. तिचं शास्त्रात ठरलेलं उदाहरण अगदी घरगुती आहे. मालक म्हणतो, 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे सिंधू देशातला. त्या देशाचं मीठही नावाजलेलं आणि घोडेही. (उपासाला आपण अजून सैंधव मीठच वापरतो.) मग नोकराने काय आणायचं? मालक जेवायला बसला असेल तर मीठ, बाहेर निघाला असेल तर घोडा. जेवणाच्या पानाशी घोडा उभा करणारा नोकर शब्द बरोबर ऐकतो, पण त्याला प्रसंग कळलेला नसतो. भर्तृहरींनी 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात अशी जंत्रीच दिली आहे, संशय आला तर अर्थ कशावरून ठरवायचा याची. त्यात प्रकरण आहे, औचित्य आहे, देश आणि काळ आहे. पुढच्या पंडितांनी त्यात हाताच्या खुणेचीही भर घातली.

आज घरकामाचे रोबो बनवणारे नेमके याच ठिकाणी उभे आहेत. एमआयटीत १९८० मध्ये रिचर्ड बोल्ट यांनी एक प्रयोग दाखवला होता. मोठ्या पडद्यासमोर खुर्चीत माणूस बसलाय, बोट दाखवतोय आणि म्हणतोय, 'ते तिकडे ठेव.' 'ते' म्हणजे काय आणि 'तिकडे' म्हणजे कुठे, हे यंत्राने बोटावरून ओळखायचं. आमच्या आईचं निम्मं बोलणं असंच असतं. 'अरे ते तिकडचं हे जरा इकडे दे.' आणि मला बरोबर सांडशी सापडते.

२०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ऑफिसच्या स्वयंपाकघरात एक हात असलेला, चाकांवरचा रोबो ठेवून १०१ आज्ञा करून पाहिल्या. त्यातली एक म्हणजे, माझं पेय सांडलं, मदत करशील का? यात 'स्पंज' हा शब्द कुठेच नाही. रोबोकडे दोन आकडे असतात. एक भाषेच्या मॉडेलकडून : अशा बोलण्यावर पुढची कुठली कृती उपयोगाची. दुसरा त्याच्या स्वतःच्या अनुभवातून : मी आत्ता जिथे उभा आहे तिथून ती कृती मला कितपत जमेल. दोन्हींचा गुणाकार करायचा, आणि ज्याचा गुणाकार मोठा ते करायचं. मग तो स्पंज शोधतो आणि आणून देतो. दुसऱ्या आकड्यात मला योग्यतेची सावली दिसते. तंतोतंत तीच नव्हे, पण जवळची. बाबांनी हे ऐकलं असतं तर फळ्यावर मांडून दाखव म्हणाले असते.

असो. मुद्द्यावर येतो, कारण हे सगळं माझ्या हुशारीचं झालं. माझी लाज पुढे आहे.

एका रविवारी रोबो बाबांच्या खोलीत सतत पलंगाला धडका देत होता. मी दारातून म्हटलं, 'थांब.' ऐकू गेलं नाही. 'थांब!' नाही. मग मी आत जाऊन त्याच्यावर बोट रोखलं आणि ओरडलो, 'थांब म्हटलं ना! कळत नाही का?' गंमत म्हणजे ते बोट त्या यंत्राला दिसतच नव्हतं, खुणा बघायची सोयच नाही त्यात. आणि 'कळत नाही का' ही त्याच्या तीन आज्ञांपैकी नव्हे. माझ्या वाक्यातला निम्म्याहून जास्त भाग यंत्रासाठी नव्हताच. तो खोलीत सांडला. खोलीत बाबा होते, आणि दारात चित्रकलेची वही घेऊन लेक उभी होती, साडेचार वर्षांची.

चार-पाच दिवसांनी ऑफिसातून घरी आलो. बाबा लेकीला काहीतरी सांगत होते. 'चहा… चहा…' आणि लेक कमरेवर हात ठेवून, दुसऱ्या हाताचं बोट बरोबर माझ्यासारखं रोखून म्हणाली, 'आबा, नीट बोल! कळत नाही का?'

बाबांनी हात खाली घेतला. त्यांना भाषा सगळी कळते हे मी वर सांगितलंच आहे.

मुलाला भाषा कशी येते, यावर मीमांसकांचं एक उदाहरण आहे. घरातला मोठा माणूस दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण.' दुसरा उठतो आणि गाय आणतो. शेजारी एक लहान मूल बसलेलं असतं, त्याच्याशी कुणी बोलत नसतं. ते नुसतं बघतं. मग 'गाय बांध, घोडा आण' ऐकतं, आणि हळूहळू कुठला शब्द कशाचा ते लावतं. याला वृद्धव्यवहार म्हणतात. पूर्वी मी हे वाचलं होतं तेव्हा शब्द आणि अर्थ एवढंच डोक्यात होतं, मशीन लर्निंगवाल्याच्या डोक्यात दुसरं काय असणार. पण त्या मुलाने आणखीही एक गोष्ट पाहिलेली असते. आज्ञा कोण देतो, कुणाला देतो, कुठल्या स्वरात, आणि ऐकणाऱ्याला चटकन कळलं नाही तर काय करायचं. आमच्या घरातला मोठा मी होतो, दुसरा होता रोबो. तिने शब्द अचूक उचलले आणि प्रसंगही अचूक लावला : ज्याला आपलं चटकन समजत नाही, किंवा ज्याचं आपल्याला चटकन समजत नाही, त्याच्याशी असं बोलतात. या घरात तसे दोघेच होते, रोबो आणि आबा.

माझा एक मित्र आहे, कडक तर्कवाला. त्याला सांगितलं तर म्हणाला, 'यंत्राला भावना नाहीत, त्याच्यावर ओरडल्याने कुणाचं काय बिघडलं? तू पान्याशी नम्रपणे बोलतोस का?' मुद्दा चूक नाही. यंत्राला उद्वेग होत नाही, मी स्वतः आतला कोड पाहिलाय. पण पान्याशी मी बोलतच नाही. मिक्सरचं बटण दाबतो तेव्हाही बोलत नाही. बटण मुकं असतं. ते रागाने दाबलं काय आणि शांतपणे दाबलं काय, स्वयंपाकघरात त्याचा फारसा पत्ता लागत नाही. यंत्र बोलण्यावर आणि खुणांवर चालू लागलं की प्रत्येक आज्ञा घरभर ऐकू जाते. ती एकाला उद्देशून असते आणि ऐकतात पाचजण. श्लोकात 'उद्वेग न करणारं' म्हटलंय, पण कुणाला, ते नाव घेऊन सांगितलेलं नाही. मी आजवर धरून चाललो होतो की ज्याच्याशी बोलतो त्याला. आता वाटतं, ज्याच्या ज्याच्या कानावर पडेल त्याला.

मग काय, यंत्राला 'कृपया' म्हणायचं? हा उपाय कंपन्यांनी करून पाहिलाय. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉन आणि गूगल दोघांनीही मुलांनी 'प्लीज' म्हटलं की यंत्राने कौतुक करावं अशी सोय आणली. हेतू चांगला, पण मला तो पटला नाही. त्यात 'प्लीज' हा पासवर्ड होतो. आणि श्लोकात 'प्रिय'च्या आधी 'सत्य' आहे, हे विसरून कसं चालेल. ज्याला काही वाटत नाही त्याचे आभार मानायला लेकीला शिकवणं खरं आहे का? तसंच उलटही. माझ्या यंत्राच्या तोंडी मीच हौसेने वाक्य घातलं होतं, 'मदत करायला मला आनंद वाटतो!' कसला आनंद. त्याच रात्री ते काढून टाकलं. आता ते दोनच गोष्टी म्हणतं : 'झालं' आणि 'कळलं नाही'. दोन्ही खऱ्या.

लेकीने मात्र यापेक्षा अवघड प्रश्न काढला. 'बाबा, रोबोला अरे म्हणायचं की अहो?' इंग्रजीत 'स्टॉप' म्हटलं की काम भागतं. मराठीत आज्ञा करायची तर 'थांब' की 'थांबा' हे आधी ठरवावं लागतं, म्हणजे समोरचा आपला कोण ते ठरवावं लागतं. मी प्रोग्रॅम लिहिताना विचार न करता 'थांब' लिहिलं होतं. बाबांना सांभाळायला येणाऱ्या मामांना आम्ही 'अहो मामा' म्हणतो, पण त्या दिवशी मला आठवलं की घाईत असलो की माझं 'मामा, दार लावून घ्या'चं 'मामा, दार' होतं. नुसतं नाम. रोबोच्या आज्ञेपेक्षाही छोटं. तिला म्हटलं, 'रोबोला अरे चालेल. पण ओरडायचं नाही.' 'त्याला वाईट वाटतं?' 'नाही, त्याला नाही वाटत.' 'मग?' मी म्हटलं, 'आबा ऐकतात ना.' तिला पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न आला नाही. तिच्या बाबतीत ही मोठी गोष्ट.

एकटाच राहणारा माणूस असेल, ऐकायला दुसरं कुणी नसेल, तर? मित्राने हेही विचारलं. त्यावर माझं म्हणणं एवढंच, की गीतेने याला शिष्टाचार म्हटलेलं नाही, तप म्हटलंय. आणि तप करणाऱ्याला पहिला ऐकणारा तो स्वतःच असतो. मित्र हसला. त्याला हे उत्तर पुरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पुरत नाही. पण त्या रविवारी ओरडून झाल्यावर मी काही शांत झालो नव्हतो, तासभर माझाच आवाज डोक्यात घुमत होता, हेही खरं.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी आम्हाला फार पूर्वीच सांगितलं होतं : टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच प्रश्न, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा, आणि मग थांबा. त्यांचं वाक्य आपण पूर्ण करू नका. मामा हे पहिल्या दिवसापासून करतात, त्यांना कुणी शिकवलेलं नाही. बाबांनी 'चहा' म्हटलं की मामा आधी घड्याळाकडे बघतात, मग बाबांच्या नजरेकडे, मग हाताकडे. अकरा वाजता खिडकीकडे बघून चहा म्हणजे ऊन डोळ्यांवर येतंय, पडदा ओढा. रात्री नऊला पायाकडे बघून चहा म्हणजे तेल लावा. प्रकरण, देश, काळ, खूण. भर्तृहरींची जंत्री मामांना तोंडपाठ आहे, पुस्तक न वाचता. आणि मी दोन शनिवार-रविवार घालवले यंत्राला बाबांचं बोलणं समजावं म्हणून, त्यातला अर्धा तास बाबांसमोर बसलो नव्हतो.

रोबोचं मराठी ऐकणं मी बाबांच्या खोलीपुरतं बंद केलंय. तिथे पलंगाच्या कडेला एक मोठं हिरवं बटण लावलंय. दाबलं की तो सुरू, परत दाबलं की थांबतो. बाबांना ते आवडलंय. दिवसातून दोन-तीनदा विनाकारण दाबतात.

परवा संध्याकाळी मामा गेलेले, मी एकटाच बाबांपाशी होतो. बाबा म्हणाले, 'चहा.' हाताने जमिनीकडे दाखवलं, बोट गोल फिरवलं. लेक शेजारी बसून रंगवत होती. मी मोबाइल उलटा ठेवला, खुर्ची पुढे ओढली. 'बाबा, चप्पल हवीय?' मान नाही म्हणून हलली. मनात दहा आकडे मोजले. 'पंखा?' नाही. 'उठायचंय?' नाही. 'काही पडलंय?' बाबा थबकले. हो आणि नाहीच्या मधलं काहीतरी. परत बोट गोल. 'चहा. चहा.' आवाज चढला त्यांचा. पूर्वी वर्गात एखाद्या पोराला पायरी कळली नाही की चढायचा तसाच. माझंही तोंड उघडणारच होतं.

तेवढ्यात लेक पोटावर झोपून पलंगाखाली सरकली. 'बाबा, रोबो! आबांच्या लुंगीत अडकलाय.'

वाळत घातलेली लुंगी खाली पडली होती, आणि तिचं टोक चाकात गुंडाळून तो पलंगाखाली गप्प बसला होता. केव्हापासून कुणास ठाऊक. मी त्याला बाहेर ओढला, लुंगी सोडवली. बाबांनी बटण दाबलं. यंत्र म्हणालं, 'झालं.'

'आबा,' लेक केस झटकत म्हणाली, 'तुला त्याची काळजी वाटत होती का?' आणि उत्तरासाठी थांबली.